भिंतीवरचं कॅलेंडर, वही की फोन: घरातल्या तारखा कुठे ठेवायच्या?

दुधाचा हिशेब, वीजबिल, विम्याचा हप्ता, गाडीची पीयूसी, मुलांची फी, घरपट्टी, सासऱ्यांचं श्राद्ध, टाकी धुणाऱ्याला बोलावणं. बहुतेक घरांत हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं, आणि ते डोकं बहुधा घरातल्या बाईचं असतं. ती चार दिवस माहेरी गेली की गॅस संपतो आणि नंबर लावायचा राहिलाय हे तेव्हा कळतं. या तारखा डोक्यातून बाहेर काढून कुठेतरी मांडायलाच हव्यात. त्यासाठी तीन जागा खऱ्या अर्थाने उपयोगी आहेत: भिंतीवरचं कॅलेंडर, साधी वही आणि फोनमधलं कॅलेंडर. तिन्ही चालतात, पण प्रत्येकाचा दगा द्यायचा प्रसंग वेगळा आहे.

निवडण्याआधी आपल्या तारखा कोणत्या जातीच्या आहेत ते पाहा. काही इंग्रजी तारखेने येतात, जसे हप्ते आणि बिलं. काही तिथीने येतात. काही 'गेल्या वेळेपासून इतक्या महिन्यांनी' अशा असतात, जसं पीयूसी किंवा गॅसची नळी. आणि काही तारखा नसतातच, त्या रोजच्या नोंदी असतात: दूध किती घेतलं, कामवाल्या ताईंचे खाडे किती झाले, इस्त्रीला कपडे किती गेले. चारही जातींना एकच साधन सारखं झेपत नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर

1973 साली 'कालनिर्णय' आलं आणि मराठी घरात तिथी, सण आणि दुधाचा हिशेब एकाच चौकोनात बसले. त्याचं मोठं बळ असं की ते उघडावं लागत नाही. पाणी प्यायला आलेला माणूस येता-जाता बघतो. आजीला दिसतं, दहा वर्षांच्या मुलालाही दिसतं. रोजच्या नोंदीसाठी याला तोड नाही: दूध घेतलं की तिथेच 'दीड' लिहायचं, न घेतल्या दिवशी फुली मारायची. महिनाअखेर बेरीज दोन मिनिटांत होते आणि दूधवाल्याशी वाद होत नाही. हेच काम फोनवर करायचं तर ओल्या हाताने रोज ॲप उघडावं लागतं, आणि आठवडाभरात ते सुटतं.

अडचण जागेची. तिथी, नक्षत्र, सण छापल्यावर चौकोनात जेमतेम दोन छोट्या ओळी मावतात. म्हणून घरापुरत्या खुणा ठरवा आणि त्या कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवा, नाहीतर 'वि' म्हणजे विमा की वीज यावरून घोळ होतो. सुट्ट्या लाल रंगात छापलेल्या असतात, तेव्हा लाल पेन वापरू नका. हिरवं उठून दिसतं. पेन दोरीने खिळ्यालाच बांधा. 'पेन शोधतो आणि मग लिहितो' यातच निम्म्या नोंदी बुडतात.

दुसरी अडचण पान उलटण्याची. 2 तारखेचा हप्ता 31 तारखेपर्यंत कुणाला दिसतच नाही. उपाय सोपा आहे: पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली कामं या महिन्याच्या 25 तारखेच्या चौकोनात 'पुढे' म्हणून लिहायची. डिसेंबर संपला की हे सगळं एकदम खुंटीवरून उतरतं, त्यामुळे नवं कॅलेंडर आणलं त्याच दिवशी जुनं शेजारी ठेवून वर्षाच्या तारखा उतरवून काढा. जुनं वर्षभर तरी टाकू नका. लावायची जागा डोळ्याच्या उंचीवर, फ्रिजजवळ किंवा पाण्याच्या फिल्टरजवळ. दाराआड नको आणि गॅसच्या भिंतीवरही नको. फोडणीच्या वाफेने कागद तेलकट होतो आणि पेन उमटत नाही.

फोन

फोनचं बळ एकच, पण मोठं: तो हाक मारतो. घराबाहेर असतानाही मारतो. गूगल कॅलेंडर कुटुंबात वाटून घेता येतं. गूगलच्या कुटुंब गटात सहा जण बसतात. दोघंही नोकरीवर असतील तर एकाने टाकलेली पालकसभा दुसऱ्याला लगेच दिसते. यात कागद कुठेच पोचत नाही.

पण फोन चुकतो तेव्हा गुपचूप चुकतो. दर महिन्याच्या 31 तारखेला नोंद लावली तर ज्या महिन्यांत 31 नाही ते महिने तो सरळ गाळतो. 30 लावली तर फेब्रुवारी जातो. महिनाअखेरच्या कामाला 28 तारीख लावा. दुसरी चूक खात्याची: फोनवर ऑफिसचं आणि घरचं अशी दोन खाती असली की नोंद ऑफिसच्या खात्यात पडते, नोकरी बदलली की तीही जाते. नोंद जतन करताना वर कोणतं खातं दिसतंय ते एकदा बघा. तिसरी, बॅटरी वाचवण्याच्या सोयी काही फोनवर ॲप झोपवून ठेवतात आणि आठवण येतच नाही. सेटिंगमध्ये कॅलेंडर ॲपच्या बॅटरी वापरावरचे निर्बंध काढून टाका आणि पाच मिनिटांनंतरची एक खोटी नोंद लावून तपासा.

सर्वांत जास्त चुकतं ते आठवणीच्या वेळेचं. अर्धा तास आधीची आठवण बैठकीला ठीक आहे. बिलाला, हप्त्याला तिचा उपयोग नाही. काम करता येईल अशा क्षणीच फोन वाजला पाहिजे. हप्त्याला सात दिवस आधी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा. पीयूसीला मुदतीआधीचा शनिवार. नाहीतर गाडी चालवताना आठवण येते, बोटाने बाजूला सारली जाते आणि ती परत येत नाही.

तिथीच्या बाबतीत फोनची वार्षिक पुनरावृत्ती दरवर्षी चुकणारच. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं असल्याने तिथी दरवर्षी सुमारे 11 दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी घेते. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये आधी अधिक ज्येष्ठ येत असल्याने ती 14 सप्टेंबरला येते. श्राद्ध, तिथीचा वाढदिवस, कुळाचार हे वर्षातून एकदा छापील कॅलेंडरवरून बघून हातानेच फोनमध्ये टाकावे लागतात, पुनरावृत्ती न लावता.

वही

वही हाक मारत नाही आणि भिंतीवरही दिसत नाही. तरी तिला पर्याय नाही, कारण 'गेल्या वेळी कधी केलं, कुणी केलं, किती घेतले' हे फक्त तीच सांगते. तारखांची छापील डायरी मात्र घेऊ नका. दोन आठवडे चुकले की कोरी पानं डोळ्यांत खुपतात आणि डायरी कपाटात जाते. 200 पानी लाँगबुक घ्या, पानांना आकडे घाला, पहिली दोन पानं अनुक्रमणिकेला सोडा. मग एका विषयाला एक पान: गाडी, गॅस, फिल्टर, घरपट्टी, दवाखाना. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, काय केलं, रुपये, पुढे कधी.

तिसऱ्या जातीच्या तारखा या शेवटच्या रकान्यात नीट बसतात. बीएस-4 (धुराच्या मर्यादेचं सरकारी मानक) आणि त्यापुढच्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीची सहा महिने. मुदत तपासणीच्या दिवसापासून मोजली जाते, म्हणून तारीख दर खेपेला सरकते. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. पाच वर्षांत भिंतीवरची पाच कॅलेंडरं रद्दीत गेलेली असतात. वही रविवारी सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं उघडायची सवय असेल तरच तिच्यावर विसंबा; ती सवय लागत नसेल तर 'पुढे कधी' हा रकाना फोनमध्येही टाका.

व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपला चौथा पर्याय समजू नका. संदेश वर सरकून जातो, आणि पिन केला तरी जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो. निरोपाला तो उत्तम, तारखेला नाही.

कुणी काय घ्यावं

तीन पिढ्या एकत्र, दूध-पेपर-कामवाल्या ताई असं चालतं घर असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर मुख्य ठेवा. सकाळी आठला कुलूप लागणाऱ्या फ्लॅटमधल्या दोघांनी फोन मुख्य ठेवावा. निवृत्तांना कॅलेंडर आणि वही पुरते. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला (80 वर्षांवरील केंद्र सरकारी निवृत्तांना ऑक्टोबरपासून देता येतो) कॅलेंडरवर ठळक हवा. खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला फोनखेरीज काही नको.

तिन्ही ठिकाणी सगळं लिहायचा मोह मात्र टाळा. एका जागी तारीख बदलली की बाकी दोन खोट्या पडतात आणि मग कशावरच विश्वास राहत नाही. मुख्य जागा एकच. दुसऱ्या जागी फक्त चुकल्यास पैसे जातील अशा तारखा. एलआयसीच्या वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला फक्त 15. वाहन परवाना संपून वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत ठेव आपोआप पुढे चालू ठेवायची सूचना दिलेली नसेल, तर मुदतीनंतर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा दर, यातला कमी असेल तो मिळतो. या तीन-चार गोष्टी दोन्हीकडे असू द्या.

सुरुवात पूर्ण वर्षापासून करू नका. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून फक्त पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा काढा, आणि प्रत्येक तारखेपुढे ती कोण करणार त्याचं आद्याक्षर घाला. एकाच अक्षराची रांग लागली, तर त्यातली निम्मी कामं तिथल्या तिथे दुसऱ्याच्या नावावर करा.