फुंकर, चेंडू की व्हेंच्युरी नळी? बर्नोली शिकवताना कोणता प्रयोग घ्यावा

वाहत्या पाण्याचा किंवा हवेचा 'वेग वाढला की दाब कमी होतो' हा बर्नोलीचा नियम फळ्यावर लिहायला दहा सेकंद लागतात, गळी उतरवायला मात्र अख्खा तास पुरत नाही. जोरात येणारं पाणी तर अंगावर आदळतं, मग त्याचा दाब कमी कसा? हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून प्रयोग निवडताना तो किती रंगतो यापेक्षा या प्रश्नाला खरं उत्तर देतो का, ते मी आधी बघतो.

कागदाची पट्टी सगळ्यात सोपी. ओठांखाली धरून वरून फुंकर मारली की लोंबणारं टोक उचललं जातं. मीही वर्षानुवर्षं हेच दाखवून 'वर वेग जास्त, म्हणून दाब कमी' असं सांगत आलो. एकदा एका मुलीने पट्टी सरळ खाली लोंबती धरली आणि एकाच बाजूने खाली फुंकर मारली. पट्टी ढिम्म! तिचं बरोबर होतं. तोंडातून सुटलेल्या झोताचा दाब भोवतालच्या हवेइतकाच असतो. त्याचा वेग छातीच्या जोरातून येतो, त्यामुळे त्या झोताची तुलना खालच्या स्थिर हवेशी बर्नोलीच्या समीकरणाने करताच येत नाही. पहिल्या वेळी पट्टी उचलली जाते, कारण झोत तिच्या वक्र पाठीला धरून वळतो आणि वळणाच्या आतल्या बाजूला दाब घटतो.

ड्रायरच्या थंड झोतावर तरंगणारा टेबल टेनिसचा चेंडू (२.७ ग्रॅम, ४० मिमी) वर्गाला जागं करायला उत्तम. ड्रायर थोडा तिरका केला तरी चेंडू पडत नाही. पण दुखणं तेच: झोत चेंडूला वळसा घेऊन एकीकडे वळतो आणि चेंडूला दुसरीकडे ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाच्या तासाला हा प्रयोग जास्त शोभेल.

व्हेंच्युरी नळी कटकटीची आहे. मधे बारीक गळा असलेली पारदर्शक नळी, तिच्यावर गळ्याच्या आधी, गळ्यावर आणि गळ्यानंतर अशा तीन उभ्या नळ्या (त्यांतल्या पाण्याची पातळी तिथला दाब दाखवते) आणि सांध्यांतून हमखास गळती. उभ्या नळीत बुडबुडा अडकला तर पातळी खोटी दिसते, तेव्हा आधी टिचक्या मारून तो काढायचा. पण इथे बंद नळीत तेच पाणी सलग वाहतं. गळ्याचा व्यास निम्मा, म्हणजे क्षेत्रफळ पाव आणि वेग चौपट. रुंद भागात सेकंदाला ०.५ मीटर, तर गळ्यात २ मीटर. दाबातला फरक १८७५ पास्कल, म्हणजे जवळपास १९ सेंटीमीटर पाणी. हा फरक मागच्या बाकावरूनही दिसतो.

मुख्य म्हणजे कारण उलगडतं. गळ्यात शिरताना पाण्याचा वेग वाढतो, म्हणजे त्याला कुणीतरी पुढे ढकललं. मागे दाब जास्त आणि पुढे कमी असल्याशिवाय ते होणार नाही. अंगावर आदळणाऱ्या पाण्याचं कोडंही सुटतं: तिथे पाणी अडवल्यामुळे दाब वाढतो, वाहतं असताना तो तेवढा नसतो.

एकच तास हाताशी असेल तर मी डोळे झाकून व्हेंच्युरी घेईन. खालच्या वर्गांत पट्टी चालेल, पण बर्नोलीचं नाव न घेता आणि दोन्ही प्रकारे धरून. एक तयारी ठेवा: घर्षणामुळे तिसऱ्या नळीतलं पाणी पहिलीइतकं चढत नाही, आणि कुणीतरी ते विचारतंच.