मधुमेहात किडनी जपायला: डापाग्लिफ्लोझिन की सेमाग्लुटाइड?

मामांच्या लघवीतून प्रथिनं जाऊ लागल्यापासून (किडनी बिघडत असल्याची ही खूण) मामी विचारतेय, गोळी (डापाग्लिफ्लोझिन) की इंजेक्शन (सेमाग्लुटाइड)?

पुरावा दोन्हींकडे भक्कम. डापा-सीकेडी या रुग्णांवरच्या औषध-चाचणीत (2020) डापाग्लिफ्लोझिनने किडनी निकामी होणं, मृत्यू अशा गंभीर घटनांचा धोका 39 टक्क्यांनी घटला, मधुमेह नसलेल्यांतही. फ्लो चाचणीत (2024) सेमाग्लुटाइडने 24 टक्क्यांनी. पण रुग्ण वेगळे होते, म्हणून या आकड्यांची थेट तुलना करू नका.

खर्चात गोळी सरस. भारतात 2020 मध्ये तिचं पहिलं पेटंट संपल्यापासून ती अनेक कंपन्यांची मिळते.

त्रास: गोळीने जननेंद्रियाला बुरशीसंसर्ग होऊ शकतो, उलट्या-जुलाबात, कडक उपासात ती डॉक्टरांना विचारून थांबवावी. आठवड्याच्या इंजेक्शनने मळमळ होते, वजनही उतरतं.

बहुतेकांनी सुरुवात गोळीने करावी. लठ्ठपणा असेल, खर्च झेपत असेल, तर इंजेक्शनचं डॉक्टरांना जरूर विचारा. गरजेनुसार दोन्ही एकत्रही देतात.