जावा: किंमत न दिलेलं व्हेरिएबल आणि न घातलेला कंस

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना व्हेरिएबलला किंमत न देणं आणि गरजेचा कंस न घालणं, या दोन चुका सगळ्यांच्याच हातून होतात. पण वेळ कुठे घालवायचा, हे ठरवताना बरेच जण पहिलीला घाबरतात आणि दुसरीकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते ते अगदी उलट हवं.

लोकल, म्हणजे मेथडच्या आतल्या, व्हेरिएबलला किंमत न देता वापरलं, की कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) तिथेच अडवतो. क्लासच्या फील्डला ०, फॉल्स किंवा नल आपोआप मिळतं, मेथडमधल्या व्हेरिएबलला काहीच मिळत नाही. समजा, ‘सवलत’ची किंमत इफमध्ये दिली आणि एल्स राहून गेलं. आता दोन वाटा: वरच ‘= ०’ लिहायचं, किंवा राहिलेलं एल्स भरायचं. एल्स भरा. शून्य लिहिल्याने एरर जाते, चूक तशीच राहते, आणि एल्समध्ये राहून गेलेल्या गिऱ्हाइकांना मुकाट्याने शून्य सवलत लागते. लूपमध्ये बेरीज करायची असेल तर गोष्ट वेगळी; तिथे सुरुवात खरोखरच शून्यापासून असते.

ऑपरेटरच्या क्रमाची चूक मात्र बहुतेक वेळा कंपायलरला दिसतच नाही. आपल्या डोक्यात शाळेतलं कंचेभागुबेव पक्कं बसलेलं असतं. जावात गुणाकार आणि भागाकार एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जो आधी येईल तो आधी. म्हणून पूर्णांकांत ६ * ५ / ४ चं उत्तर ७ येतं. भागाकार आधी धरला तर ६ आलं असतं. १० - ३ + २ चे ९ होतात, ५ नव्हे. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरातही तेच: "एकूण " + २ + ३ लिहिलंत तर ‘एकूण २३’ छापून येतं.

सगळ्यात फसवं उदाहरण फाशाचं. (इंट) मॅथ.रँडम() * ६ हे दर वेळी ० देतं. कास्टचा, म्हणजे (इंट) लिहून पूर्णांक करण्याचा, क्रम गुणाकाराच्या आधी लागतो, त्यामुळे १ पेक्षा लहान अपूर्णांकाचं आधीच शून्य होतं. गुणाकाराभोवती कंस घातला की ० ते ५ मिळतात.

मग क्रमाचा तक्ता पाठ करावा की कंस घालावेत? साध्या बेरीज-गुणाकाराला कंस नकोत, वाचायला अडचण होते. पण && (‘आणि’) व || (‘किंवा’) एकत्र आले, कास्ट आला, किंवा स्ट्रिंगला + ने काही जोडताना मध्ये तुलना आली, तर तक्ता तोंडपाठ असला तरी कंस घाला.