सोलापूरहून मुंबई बघायला जाताना हॉटेल कुठे घ्यावे: फोर्ट, दादर, कुलाबा की ठाणे?

मुंबई फिरायला निघालेल्या सोलापूरच्या कुटुंबापुढे राहण्यासाठी तसे चारच भाग येतात. सीएसएमटी-फोर्ट, दादर, कुलाबा आणि ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून ठाणे, कल्याण किंवा वाशी. यात फोर्ट पहिल्या नंबरावर आणि दादर दुसऱ्या. कुलाब्यात पैसे जास्त जातात आणि सोय त्या मानाने कमी मिळते. ठाणे, कल्याण किंवा वाशीचे हॉटेल तर मुंबई बघायला आलेल्याने घेऊच नये. खोली कितीही चांगली असली तरी ती चुकीच्या जागी असेल तर तीन दिवसांची सहल दोन दिवसांची होते.

सुरुवात गाडीच्या वेळेपासून करा. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापूरहून रात्री साडेदहाच्या सुमारास निघते आणि सकाळी साडेसहा-सातला सीएसएमटीला पोहोचते. मुंबईत बऱ्याच हॉटेलांचे चेक-इन मात्र दुपारी १२ किंवा २ वाजता असते. मधले पाच ते सात तास मुले, आजी-आजोबा आणि बॅगा घेऊन रिसेप्शनच्या सोफ्यावर बसायचे हा सहलीचा सगळ्यात वाईट भाग. म्हणून फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नको. ‘चेकआउट चोवीस तासांचे आहे का दुपारी बाराचे?’ हे आधी विचारा. फोर्ट, गिरगावकडच्या काही जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांची पद्धत आहे: सकाळी ७ ला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी ७ पर्यंत ती तुमची. बाराचे चेकआउट असेल तर लवकर येण्याचे किती जादा घेणार ते बोलून घ्या, आणि मेसेजवर लिहून मागा. रात्रपाळीच्या माणसाने दिलेला शब्द सकाळच्या माणसाला माहीत नसतो.

वंदे भारतचे गणित उलटे आहे. ती सोलापूरहून सकाळी ६.०५ ला सुटून साडेबाराच्या सुमारास पोहोचते, म्हणजे खोली तयार असण्याच्या वेळेलाच. म्हातारी माणसे बरोबर असतील तर जाताना हीच बरी. सोलापूरहून ती गुरुवारी नसते आणि मुंबईहून बुधवारी. काही लांब पल्ल्याच्या गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. तिकिटावर एलटीटी लिहिले असेल तर सीएसएमटीसमोरच्या हॉटेलचा सकाळी काहीच उपयोग नाही, टॅक्सीचा खर्च आधीच धरा.

आता अंतर. बुकिंगच्या ॲपवर ‘स्टेशनपासून ८०० मीटर’ लिहिलेले बहुधा नकाशावरचे सरळ रेषेतले असते, पायी जायचे नसते. शिवाय सीएसएमटी हे टर्मिनस. गाडी पुढे जात नाही, सगळ्यांना इंजिनाच्या बाजूने बाहेर पडावे लागते. २२ डब्यांची गाडी म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर, त्यामुळे शेवटच्या डब्यातल्या माणसाची पायपीट प्लॅटफॉर्मवरच सुरू होते. पुढे दादाभाई नौरोजी रोड ओलांडायला भुयारी मार्ग आहे आणि त्याला जिने आहेत. चाकांची बॅग तिथे हातात उचलावी लागते. सामान जास्त असेल तर हा रस्ता ओलांडावा न लागणारे हॉटेल शोधा: जीपीओसमोरचा (मुख्य टपाल कार्यालयासमोरचा) वालचंद हिराचंद मार्ग (वालचंद जन्माने सोलापूरचे, हे अनेकांना ठाऊक नसते) किंवा मागचा पी. डिमेलो रोड. लांब पल्ल्याच्या गाड्या ८ ते १८ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर लागतात, आणि १८ च्या बाजूने डिमेलो रोडला थेट बाहेर पडता येते.

आणखी एक घोटाळा नावाचा. ‘मुंबई सेंट्रल’ हे पश्चिम रेल्वेचे स्टेशन आहे, सोलापूरची गाडी तिथे जात नाही. हॉटेलच्या नावात ‘सेंट्रल’ दिसले की ते मध्य रेल्वेजवळ असेल असे धरून चालू नका.

फोर्टला पहिला नंबर देण्याचे खरे कारण लोकलची गर्दी. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई दक्षिणेकडे येत असते आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे परत जाते. फोर्टमध्ये राहिलात तर तुम्ही दोन्ही वेळा गर्दीच्या उलट्या दिशेने फिरता. सकाळी नऊला सीएसएमटीवरून सुटणाऱ्या गाडीत मुलांना खिडकी मिळते आणि तिसऱ्याच स्टेशनवर, भायखळ्याला, राणीच्या बागेसाठी उतरता येते. तीच सहल ठाण्यात राहून करा. ठाणे ते सीएसएमटी ३४ किलोमीटर, फास्ट लोकलला पाऊण तासाच्या आसपास, आणि सकाळी तिथे दोन मुलांना घेऊन डब्यात शिरता येईलच असे नाही. खोलीमागे वाचलेले सातशे-आठशे रुपये तिथेच संपतात.

दुसरे कारण मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही भूमिगत मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि जुनी गणिते बदलली. हुतात्मा चौक, सीएसएमटी, महालक्ष्मी, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर ही स्टेशने एकाच मार्गावर आली, आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनलसुद्धा. भाडे १० ते ७० रुपये. पूर्वी सिद्धिविनायकासाठी दादरला राहा असे सांगितले जायचे, आता फोर्टमधून थेट जाता येते. (आपल्याला हुतात्मा चौक म्हटले की सोलापूरचे चार हुतात्मे आठवतात. मुंबईतला चौक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा. तिथे उतरून काळा घोडा, वस्तुसंग्रहालय आणि गेटवे चालत होतात.) हॉटेल निवडताना रेल्वे स्टेशनबरोबर मेट्रोचे प्रवेशद्वार किती लांब आहे तेही नकाशावर पायी अंतर लावून पाहा.

सोलापूरच्या माणसाला हमखास नडते ती रिक्षा. सात रस्त्याला असो की नव्या पेठेत, हात केला की रिक्षा थांबते ही सवय असते. मुंबई शहरात, म्हणजे माहीम आणि सायनच्या दक्षिणेला, रिक्षा चालतच नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी आहे: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पण माणसे चारच. पाच जणांच्या कुटुंबाला प्रत्येक वेळी दोन टॅक्स्या लागतात. स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटर आत असलेले ‘स्वस्त’ हॉटेल इथे महाग पडते.

फोर्टच्या खोल्यांचे दोषही सांगायला हवेत. इमारती जुन्या, जिने लाकडी आणि उंच पायऱ्यांचे. लिफ्ट आहे म्हणतात, पण ती कधी कधी सहा-सात पायऱ्या चढल्यावर सुरू होते आणि जाळीच्या दारात दोन माणसे नि एक बॅग एवढेच मावते. म्हणून ‘लिफ्ट आहे का’ असे विचारू नका, ‘लिफ्ट तळमजल्यावरून आहे का’ असे विचारा. मोठ्या खोलीत प्लायवूडच्या भिंती घालून तीन-तीन खोल्या केलेल्या असतात, शेजारच्याचा गजर तुम्हाला उठवतो. खिडकी आहे की नाही हे फोटोवरून कळते: सगळ्या फोटोंत पडदा ओढलेला आणि ट्यूब लावलेली असेल तर मागे बहुधा डक्ट (पाइपांचा बंद बोळ) आहे किंवा नुसती भिंत. पावसाळ्यात अशा खोलीत टॉवेल दोन दिवस वाळत नाही. गरम पाणी खोलीतल्या गीझरचे की ठरावीक तासांचे, जादा गादीचे किती, सगळ्या मोठ्या माणसांची मूळ ओळखपत्रे लागतील का, आणि सांगितलेला दर जीएसटी धरून आहे का, हे सगळे एकाच फोनमध्ये उरकून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. कुणी १२ टक्के लावले तर बिल मागा.

रविवारी आणि रात्री फोर्ट ओस पडतो, ऑफिसांच्या आधाराने चालणारी बऱ्याच खानावळी बंद असतात. तिथे दादर भारी पडते. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा पायाशी, शिवाजी पार्क, चैत्यभूमी जवळ, रात्री दहालाही रस्त्यावर वर्दळ. सिद्धेश्वर आणि वंदे भारत दोन्ही दादरला थांबतात. पण दादर पूर्व आणि पश्चिम यांत मोठा पूल आहे, हॉटेल कोणत्या बाजूला ते आधीच पाहा. मेट्रोचे दादर स्टेशनही रेल्वेला लागून नाही, पश्चिमेला चालत जावे लागते. ६ डिसेंबरच्या आसपास दादरला खोली मिळेल ही आशा धरू नका.

कुलाबा फक्त एका कामाला: घारापुरीची सकाळची पहिली लाँच धरायची असेल तर. एरवी गेटवे एकदाच बघायचा असतो आणि तिथे लोकल नाही.

वारही तपासा. घारापुरी लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. रविवारी दिवसा मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही लोकल बंद) असतो, त्या दिवशी मेट्रोवरची ठिकाणे ठेवा.

शेवटच्या दिवशी खोली दुपारी सुटते आणि सिद्धेश्वर रात्री पावणेअकराच्या आसपास निघते. हॉटेल सामान ठेवून घेत असेल तर उत्तम. नसेल तर कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून सीएसएमटीची रिटायरिंग रूम बारा तासांसाठी मिळू शकते, पण ती लवकर भरते. तीही नाही मिळाली तर क्लोकरूम आहेच. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा घरातूनच बॅगेमागे एक छोटे कुलूप टाकून न्या.