चुन्याची निवळी की दोन बाटल्या? दगडी प्रवाळांच्या टाकीसाठी काय घ्यावं

दगडी प्रवाळं पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात आणि त्यातून सांगाडा रचतात. घरच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत ही भर आपल्यालाच घालावी लागते. त्यासाठी चुन्याची निवळी, म्हणजे काल्कवासर, वापरायची की कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा यांची दोन बाटल्यांतली वेगळी द्रावणं, हा प्रश्न परदेशात टाकी राखणारे मराठी मित्र नेहमी विचारतात. (भारतात सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा.)

खरेदीआधी काहीही न घालता तीन-चार दिवस रोज ठरावीक वेळी अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) मोजा. फक्त कॅल्शियम मोजून भागत नाही. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने (हे तिचं एकक) घसरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० पीपीएम उतरतं, आणि ४२० चं ४०० झालेलं घरच्या टेस्ट किटवर धड कळतही नाही.

मला स्वतःला निवळी मनापासून आवडते. ती स्वस्त आहे, प्रवाळं ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी वापरतात त्याच प्रमाणात ती दोन्ही देते, आणि मागे मीठ साचत नाही. आरओ-डीआय पाण्यात (गाळून क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यात) लिटरला दोनेक ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळून झाकून ठेवा. काही तासांत पांढरा गाळ तळाशी बसतो. हवा लागली की वर पातळ, कुरकुरीत पापुद्रा धरतो. गाळ आणि पापुद्रा दोन्ही सोडून मधलं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. अमेरिकेत लोणच्यासाठी मिळणारी चुन्याची पूड बरेच जण वापरतात. पानाचा चुना मात्र नको, त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात कार्बन डायऑक्साइड साठून टाकीचा पीएच खाली जातो, तेव्हा निवळीचा मोठा आधार होतो.

पण निवळी जाते ती उडालेल्या पाण्याच्या जागी, त्यामुळे तिला मर्यादा आहे. २०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडत असेल तर दिवसाला फार तर १.१ डीकेएचची भर पडते. टॉर्च, हॅमर अशा मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांना तेवढं पुरतं. अ‍ॅक्रोपोराने (फांद्यांच्या, झपाट्याने वाढणाऱ्या दगडी प्रवाळाने) भरलेल्या टाकीला पुरत नाही. शिवाय तिचा पीएच १२ च्या वर असतो. ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा) फ्लोट अडकला आणि सगळी निवळी एकदम आत गेली, तर टाकी वाचणं कठीण. म्हणून निवळीचा डबा लहानच ठेवा आणि हाताळताना डोळ्यांना गॉगल लावा.

दोन द्रावणांत मोजमाप पूर्ण आपल्या हातात राहतं. डोसिंग पंप (ठरलेली मात्रा आपोआप सोडणारा) लावला की खप वाढेल तसे मिलिलिटर वाढवायचे, बाष्पीभवनाशी संबंध नाही. दोन्ही द्रावणं एका जागी, एका वेळी सोडू नका. पाणी दुधाळ होतं आणि सगळं फुकट जातं. मागे सोडियम आणि क्लोराइड उरतं, त्यामुळे पाण्याचा खारटपणा (सॅलिनिटी) मोजत राहणं आणि नियमित पाणी बदलणं आलंच.

रोजचा खप १ डीकेएचच्या आत असेल तर डोळे झाकून निवळी घ्या. अ‍ॅक्रोपोरा वाढवायचाच असेल तर पहिल्यापासून पंप आणि दोन बाटल्या. अल्कलिनिटी वरखाली झाली की त्याची टोकं जळतात. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचा (कार्बन डायऑक्साइडने प्रवाळाचा चुरा विरघळवून कॅल्शियम देणाऱ्या यंत्राचा) विचार मोठ्या, भरलेल्या टाकीसाठीच करा. खप मधोमध असेल तर रात्री निवळी आणि उरलेली तूट बाटल्यांतून, असं दोन्ही चालतं. फक्त बाटल्यांचा डोस निवळीची भर वजा करून ठरवा.