वॉटर बॉडीला किट घालावं की नवी बसवावी? आणि पंखा कोणता?

महिंद्रा 575 किंवा मॅसी 1035 सारखा जुना ट्रॅक्टर पंख्याच्या मागून पाणी गाळायला लागला की फिटर तीन पर्याय सांगतो. आहे त्या वॉटर बॉडीत, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपात, किट घाला, आख्खी नवी बॉडी घ्या, नाहीतर मोडीतल्या ट्रॅक्टरची काढून बसवा. त्यातच पंख्याचं एखादं पातं वाकलेलं निघतं आणि लोखंडी की प्लॅस्टिकचा, हा प्रश्न येतो. पंखा वॉटर पंपाच्याच शाफ्टवर बसत असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकदमच ठरवाव्यात. पंपावर पैसे घातले आणि हेलकावणारा जुना पंखा परत लावला, तर नवं बेअरिंग तोच पंखा खातो.

आधी दोष नक्की करा. इंजिन बंद आणि गार असताना पट्टा काढा, पंख्याची समोरासमोरची दोन पाती धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा. खेळ जाणवला किंवा हाताने फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग गेलं. बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. सील गेलं की पाणी तिथून ठिपकतं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आणि एम-सील लावून ते बुजवणारे लोक पाहिले की जीव कळवळतो. बाहेर पडायला वाट मिळाली नाही की पाणी बेअरिंगकडे वळतं, ग्रीस धुऊन नेतं, मग ऐन नांगरटीत शाफ्ट जाम होतो किंवा पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसतो. भोक कोरडं आहे, खेळ नाही, तरी इंजिन तापतंय? मग पंपाला हात लावू नका. जाळीत अडकलेला भुसा, ढिला पट्टा आणि थर्मोस्टॅट आधी बघा.

किटमध्ये शाफ्टसकट बेअरिंग, सील, पॅकिंग आणि बहुतेक वेळा इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) येतो. काम काहीशे रुपयांत भागतं, आख्ख्या बॉडीला मात्र हजारांत जावं लागतं, त्यामुळे ओढा किटकडेच असतो. पण किटने बॉडीचं बिडाचं कवच बदलत नाही. आपल्याकडे कित्येक वर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतलं जातं. जुनी बॉडी उघडली की आत पांढरा क्षार चिकटलेला दिसतो, आणि तो खरवडला की खाली बिडावर खड्डे. इंपेलर ज्या तोंडासमोर फिरतो तिथे खोल खड्डे असतील, तर नवा इंपेलरही पाणी नीट ढकलणार नाही. बेअरिंगचं घर तर त्याहून महत्त्वाचं. नवं बेअरिंग हाताने सरकत आत गेलं, म्हणजे घर ढिलं झालं. तिथे पंच मारून घट्ट केलेलं काम फार दिवस टिकत नाही.

बॉडी चांगली असेल तरी किट कोण बसवतो यावर सगळं आहे. बेअरिंग बॉडीत घालताना दाब बाहेरच्या रिंगवर हवा आणि तो प्रेसने द्यावा. हातोडीने शाफ्ट ठोकला की गोळ्यांच्या वाटेवर व्रण पडतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. इंपेलर आणि बॉडीमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) धरावी लागते. कमी राहिली तर घासतो, जास्त झाली तर पंप पाणी कमी फेकतो. पुढचा हब (पुली आणि पंखा ज्यावर बसतात तो भाग) मूळच्या उंचीवरच दाबायचा, नाहीतर पुली रेषेत येत नाही आणि पट्टा कडेने झिजतो. असा हात असलेला मिस्त्री किंवा लेथवाला जवळ नसेल, तर किटची बचत विसरा.

माझं मत सरळ आहे. ज्या ट्रॅक्टरवर नांगरट, रोटाव्हेटर किंवा उसाची वाहतूक चालते, त्याला आख्खी नवी बॉडी. पाणी थांबून हेड गॅस्केट उडालं किंवा हेडला तडा गेला, तर ते बिल पंपाच्या कितीतरी पट असतं. किट फवारणी, टँकर अशा हलक्या कामाच्या ट्रॅक्टरला, तेही घर घट्ट असेल तरच. दुकानात जुना पंप सोबत न्या. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळे पंप लागलेले असतात. हबची उंची, शाफ्टची जाडी, बोल्टची भोकं, इंपेलरचा घेर हे शेजारी ठेवून जुळवा. जुन्यात बिडाचा इंपेलर असेल तर पत्र्याचा घेऊ नका.

मोडीतला पंप फक्त जिथे नवा मिळतच नाही तिथे. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, त्यामुळे तिथे बॉडी जुन्या बाजारातून घेऊन आत नवं किट घालणं हाच मार्ग उरू शकतो. (आयशर 242 वाल्यांना यातलं काहीच लागत नाही, ते इंजिन हवेवरच थंड होतं.)

आता पंखा. लोखंडी पंखा ऊन, डिझेल, तेल सगळं सोसतो, पण जड असतो आणि पातं वाकलं की तोल जातो. रिव्हेटच्या कडेला केसासारखी चीर दिसली तर तो पंखा बाद. वेल्डिंग मारून चालवू नका, सुटलेलं पातं समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकतं. प्लॅस्टिकचा हलका असल्याने बेअरिंगवर भार कमी आणि आवाजही कमी. मात्र वयानुसार तो ठिसूळ होतो, म्हणून मोडीतला प्लॅस्टिक पंखा कधीच घेऊ नये. मूळचा लोखंडी असेल तर तोच नवा घ्यावा, हे मला पटतं. प्लॅस्टिकचा घ्यायचा तर घेर, पात्यांचा कोन आणि हबपासूनचं अंतर तेच हवं. पाती जास्त म्हणजे हवा जास्त, असं सरळ गणित नाही. रेडिएटरमागचं पत्र्याचं कडं फुटलं असेल तर तेही याच वेळी करून घ्या, त्याशिवाय चांगला पंखाही इंजिनकडचीच गरम हवा परत फिरवतो. पंखा उलटा बसला तर हवा उलट जात नाही, पण ओढ फार कमी होते. म्हणून काढतानाच पुढच्या बाजूला खडूने खूण करा.

बसवताना पट्टाही नवा टाका. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर साधारण 10 ते 15 मिमी दबला पाहिजे. जास्त ताणलात तर बेअरिंग लवकर जातं. पाण्याऐवजी तयार कूलंट भरा, आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर इंजिन गार झाल्यावर पट्ट्याचा ताण आणि पंख्याचे बोल्ट पुन्हा तपासा. काढलेली जुनी बॉडी भंगारात देऊ नका. घर घट्ट असेल तर सवडीने किट घालून ठेवा, हंगामात दुकानं बंद असताना तीच उपयोगी पडते.