महाकाय प्राणी: पायाशी उभं राहून काढावा की लांबून?

आधी आकडा ठरवा. प्राणी 30 मीटर उंच आहे की 800 मीटर? "खूप मोठा" एवढंच डोक्यात ठेवून बसलात तर चित्र हमखास फसतं, कारण दोन्हींची रीत वेगळी आहे.

30 मीटरचा असेल तर त्याच्या पायाशी उभे राहा. क्षितिजरेषा अगदी खाली घ्या, उभ्या रेषा वर जाता जाता जवळ येऊ द्या. छाती अंगावर येते, डोकं लहान होत दूर जातं. धडकी भरवायला यासारखं दुसरं काही नाही. पण मुंगीला मांजरही असंच दिसतं! नुसत्या कोनातून आकार कळत नाही. नखाशेजारी माणूस, दरवाजा, झाड असं ओळखीचं माप हवंच. शिवाय जबडा नि पोट खालून काढणं अवघड जातं. अशा वेळी मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ओबडधोबड ठोकळे रचून कॅमेरा 1.6 मीटरवर, म्हणजे माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, ठेवते आणि त्यावरून रेखाटते.

800 मीटरचा असेल तर लांब जा. इथे खरं काम हवा करते. हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून दूरच्या सावल्या फिकट, निळसर होतात. डिजिटल चित्रात प्राण्याच्या लेअरवर (थरावर) क्लिपिंग मास्क घ्या, म्हणजे रंग त्याच्या आकाराबाहेर जाणार नाही, आणि मऊ एअरब्रशने, कमी अपॅसिटीवर (रंग पारदर्शक ठेवून), आकाशाचा रंग मागच्या अंगावर हलकेच चढवत जा. पुढचा पाय गडद आणि शेपटी जवळजवळ आकाशात विरलेली दिसली, की या दोन टोकांत किती अंतर असेल ते डोळा आपोआप ताडतो. प्राण्याची सर्वांत गडद सावलीसुद्धा समोरच्या झाडांपेक्षा फिकट राहू द्या. हीच युक्ती स्वच्छ हवेतल्या 30 मीटरवाल्यावर केलीत तर तो धुरात उभा राहिल्यासारखा वाटेल.

लांबच्या चित्रातली नेहमीची चूक क्षितिजाची. सपाट जमिनीवर ते प्राण्याच्या कमरेतून गेलं, तर बघणाराही तेवढ्याच उंचीवर आहे असा अर्थ होतो आणि प्राणी बुटका दिसतो. बघणारा जमिनीवर असेल तर क्षितिज नखाच्या आसपासच हवं.

शरीररचना दोन्हीकडे सारखीच महत्त्वाची. गॅलिलिओने 1638 साली दाखवलं त्याप्रमाणे उंची दहापट केली की वजन हजारपट होतं, हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. म्हणून पाय खांबासारखे जाड आणि सरळ काढा. डोळा लहान ठेवा: निळ्या देवमाशाची लांबी 25 मीटरच्या वर जाते, पण डोळा जेमतेम 15 सेंटीमीटरचा.

नवशिक्यांनी लांबचा पर्याय घ्यावा असं मी सांगेन. त्यात पर्स्पेक्टिव्हच्या (जवळ-लांबचं माप दाखवण्याच्या) चुका कमी उघड्या पडतात. उभा कॅनव्हास असेल आणि घाबरलेलं पात्र दाखवायचं असेल, तर मात्र पायाशीच जा. लांबच्या चित्रात शेवटी गुडघ्याजवळ पाचसहा ठिपक्यांचा पक्ष्यांचा थवा ठेवा. प्रत्येक ठिपका दोनतीन पिक्सेलचाच, आणि एकही शेजारच्याएवढा नको.